टाळ्या, दाद आणि ध्वनिमुद्रण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या नववर्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत जवळजवळ कार्यक्रमभर साधा खोकलाही ऐकू येत नाही. शेवटच्या ‘राडेट्झ्की मार्च’मध्ये मात्र अख्खे सभागृह तालावर टाळ्या वाजवते आणि संचालक स्वतः त्याला साथ देतो. एकाच मैफलीत एवढी शिस्त आणि एवढी मोकळीक कशी? आणि ती शांतता खरी असते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शांतता बरीचशी खरी असते, पण सगळी नव्हे. वाद्यांसाठीचे मायक्रोफोन वाद्यवृंदाच्या वर, वादकांच्या जवळ टांगलेले असतात, त्यामुळे मागच्या रांगांतली कुजबुज त्यांच्यापर्यंत क्षीण होऊनच पोहोचते. श्रोत्यांसाठी वेगळे मायक्रोफोन असतात आणि टाळ्यांच्या वेळी ध्वनितंत्रज्ञ त्यांचा आवाज वाढवतो. शिवाय एकच कार्यक्रम लागोपाठ अनेकदा सादर होत असेल, तर एका दिवशीच्या खोकल्याच्या जागी दुसऱ्या दिवशीचा स्वच्छ तुकडा बसवण्याची रीत जगभर आहे. व्हिएन्नात १ जानेवारीचाच कार्यक्रम ३० आणि ३१ डिसेंबरलाही त्याच सभागृहात होतो, म्हणजे ध्वनिमुद्रिकेसाठी अशी सोय हाताशी असते. आपल्याकडे दुपारी पावणेचारला सुरू होणाऱ्या थेट प्रक्षेपणाला मात्र ती नसते. तेव्हा प्रक्षेपण आणि ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून ऐकली, तर फरक आपल्या कानांनाच कळेल.

आता मोकळिकीविषयी. ती दिसते तितकी मोकळी नाही. ‘ब्लू डॅन्यूब’चे सुरुवातीचे कंपित स्वर उमटताच श्रोते टाळ्या वाजवून वादन थांबवतात, संचालक वळून नववर्षाच्या शुभेच्छा देतो आणि वॉल्ट्झ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हा ‘व्यत्यय’ दरवर्षी ठरलेला असतो. ‘राडेट्झ्की मार्च’मध्ये संचालक वाद्यवृंदाकडे पाठ करून श्रोत्यांनाच हाताने इशारे देतो, हळुवार भागात त्यांना आवरतो आणि जोरकस भागात सोडून देतो. थोडक्यात, श्रोते तेवढ्यापुरते वाद्यवृंदातच जमा होतात. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी या मैफलीचे संचालन 1990 पासून 2015 पर्यंत पाच वेळा केले. त्यांची चित्रमुद्रणे आवाज बंद करून पाहिली, तरी टाळ्या कुठे हव्यात आणि कुठे नकोत हे त्यांच्या हातांवरून समजते. (योहान श्ट्राउस थोरले यांनी हा मार्च 1848 मध्ये, ऑस्ट्रियाचे सेनापती राडेट्झ्की यांनी इटलीत मिळवलेल्या विजयाच्या गौरवार्थ रचला. तो याच मंचावरून वारंवार वाजवून घेणारे रिकार्डो मुती इटालियन आहेत, ही गंमत कुणी फारशी बोलून दाखवत नाही.)

या टाळ्यांचे वजन किती, हे त्या नसताना कळते. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर, जिने आपल्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही हाहाकार केला, 1 जानेवारी 2005 रोजी संचालक लोरिन माझेल यांनी हा मार्च कार्यक्रमातून वगळला. 2021 मध्ये कोविडच्या साथीमुळे सभागृह रिकामे होते. घरबसल्या श्रोत्यांच्या टाळ्या इंटरनेटवरून गोळा करून मध्यंतरापूर्वी आणि अखेरीस सभागृहात ऐकवल्या गेल्या, पण मार्च टाळ्यांविनाच झाला. वादन चोख होते. तरीही ते मुद्रण ऐकताना काहीतरी उणे राहिल्यासारखे वाटते, असे माझे मत आहे.

प्रश्न : मुंबईत एनसीपीएमध्ये सिंफनीच्या पहिल्या भागानंतर मी टाळ्या वाजवल्या, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी डोळे वटारले. माझे चुकले का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आजच्या रिवाजाप्रमाणे थोडेसे चुकले, इतिहासाच्या दृष्टीने मुळीच नाही. 1778 मध्ये पॅरिसमध्ये आपल्या सिंफनीच्या पहिल्या भागाच्या मध्येच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, हे मोझार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रात आनंदाने कळवले आहे. ती जागा लोकांना आवडणार, हे त्याने आधीच हेरले होते. भागांच्या मध्ये गप्प बसण्याचा दंडक पुष्कळ नंतरचा आहे. संचालकाचे हात खाली येईपर्यंत थांबावे, एवढे पथ्य पुरेसे आहे.

प्रश्न : आजोबांनी गणेशोत्सवातल्या आणि घरगुती मैफलींच्या कॅसेट जपून ठेवल्या आहेत. त्या संगणकावर घेताना श्रोत्यांची ‘वाहवा’, ‘क्या बात है’, खाकरणे, पेल्यांचे आवाज हे सारे काढून टाकावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दाद काढू नये. आपल्या मैफलीत गायक श्रोत्यांकडे पाहून गातो. एखादी तान बिनचूक समेवर आली आणि समोरून ‘वा!’ उमटली, की तोच आवर्तनाचा विस्तार पुढे वेगळ्या वाटेने जाऊ शकतो. ती ‘वा’ कापली, तर गायकाने पुढे ती जागा पुन्हा का घेतली हे ऐकणाऱ्याला समजणारच नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता प्रत्यक्ष गायनाने नव्हे, तर सवाई गंधर्वांच्या ‘बिन देखे पडे नाही चैन’ या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने करण्याची परंपरा आहे. मुद्रणालाही श्रोतृवृंद लागतो, हे ज्या शहराला ठाऊक आहे तिथली दाद तर मुळीच पुसू नये.

पेल्यांचे आणि खाकरण्याचे आवाज एकेक शोधून हलके करायला हरकत नाही. मात्र संपूर्ण मुद्रणावर खरखर घालवणारे सॉफ्टवेअर सरसकट चालवू नका. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे खरखर, असे त्याचे गणित असते, आणि तंबोऱ्याची आसही नेमकी सतत चालते. परिणामी गायकाच्या पाठीमागची भरीव साथ पातळ होते आणि गळा कोरडा वाटू लागतो. आधी डब्ल्यूएव्ही स्वरूपात, 24 बिट आणि 96 किलोहर्ट्‌झवर, काहीही न बदलता एक प्रत घ्यावी, ती दोन ठिकाणी ठेवावी आणि सफाईचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. कॅसेटवरचे आजोबांचे हस्ताक्षर, तारीख व साथीदारांची नावे यांचे छायाचित्रही सोबत जपावे. घरी ऐकण्यास अडचण नाही. यूट्यूबवर टाकायचे असेल, तर सादरकर्त्याचे हक्क कायद्याने पन्नास वर्षे राहतात, म्हणून कलावंताची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी आधी घ्यावी.