बडोद्यात बी.ए.ला जर्मन घ्यावं का? सोबत आदिवासी संस्कृतीचा अभ्यास जमेल का, आणि पुढे नोकरीचं काय?

घ्या. घरचे नको म्हणत असतील तर नक्की घ्या.

तुम्ही लिहिलंय की वडील म्हणतात, "भाषा कानावर पडून येते, त्यासाठी कॉलेजची वर्षं कशाला घालवायची?" आणि छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींबद्दल वाचत बसणं म्हणजे त्यांच्या लेखी रिकामटेकडेपणा. शब्द थोडे बदला, की आमचे मामा बोलतायत असं वाटेल. म्हणून तर लिहायला बसले.

नोकरीचं आधी उरकते. भाषेच्या नोकरीत पदवीपेक्षा पातळी विचारतात, ए-वनपासून वर चढत जाणारी, परीक्षेने ठरणारी. बी-टू झालेलं नसेल तर नुसत्या बी.ए.च्या गुणपत्रिकेवर फार काही हाती लागत नाही. जर्मनीत नर्स म्हणून काम करायचं तरी साधारण बी-टू लागतं. बी-वनला येऊन थांबलेले पुष्कळ आहेत, ते मग शेजारच्या मुलांना ए-वन शिकवतात. विद्यापीठात व्याकरण, साहित्य, इतिहास नीट होतं, तोंड उघडण्याची सवय मात्र स्वतःच लावून घ्यावी लागते. तेव्हा पदवी आणि बाहेरची परीक्षा, दोन्ही करा.

आता मामांचं. माझ्या वर्गातली एक मैत्रीण राठवा, पावी जेतपूरकडची, हॉस्टेलला राहायची. तिच्या काकांनी पिठोऱ्याची बाधा घेतली होती, म्हणजे नवस. पिठोरो हा राठवांचा देव, नवस फेडायला घराच्या भिंतीवर त्याचं चित्र काढतात, त्यालाही पिठोरोच म्हणतात. ती म्हणाली, चल. डभोई, बोडेली करत एसटीने गेलो. ओसरी आणि आतलं घर यांच्यामधली भिंत कुमारिकांनी सारवून, वर पांढऱ्या मातीचा हात देऊन तयार ठेवली होती. रंगात दूध आणि महुड्याची (मोहाची) दारू घालतात हे मी तिथे पाहिलं. चित्रं काढणारे लखारा, सगळे पुरुष. एकीकडे ढोल, गाणं, आणि भिंतीवर घोड्यांमागून घोडे. खाली नांगर, ताडावर चढणारा माणूस, आणि एका कोपऱ्यात चक्क आगगाडी! मला वाटलं होतं चित्र पूर्ण झालं की झालं. तसं नसतं. बडवा, म्हणजे त्यांचा भगत, येतो, त्याच्या अंगात येतं, आणि तो एकेक आकृती ओळखून सांगतो. काही राहिलं असेल तर लखाऱ्याला ते तिथल्या तिथे भरून काढावं लागतं. त्याने मान्य केलं की पिठोरो खरा. बोकड वगैरे कापतात, ते मी पाहू शकले नाही, मागच्या अंगणात जाऊन बसले.

त्यानंतर जर्मनची तोंडी परीक्षा होती. विषय आला, तुमच्या भागातला एक सण. माझ्या आधीच्या सगळ्यांनी नवरात्र सांगितलं होतं, गरबा, नऊ रात्री, चनियाचोळी. मी पिठोरो सांगितला. विशेषणांचे प्रत्यय धडाधड चुकत होते, पण परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारतच राहिल्या. भिंत कोणती, बायका का काढत नाहीत, बडव्याला चूक कशी कळते. मला अर्ध्या गोष्टींची उत्तरं जर्मनमध्येच काय, मराठीतही देता येत नव्हती. मी पास झाले, आणि चांगली झाले.

घरी सांगितलं तर मामा भडकले. "परक्या माणसासमोर आदिवासींचं सांगितलंस? आपले गणपती सांगता आले नाहीत? सयाजीरावांच्या गावात राहतो आपण!" हेच मामा पाहुणे आले की दांडिया बाजारात अरविंद निवास, म्हणजे योगी अरविंदांचं जुनं घर, दाखवायला नेतात आणि छाती फुगवून सांगतात, अरविंदबाबू आमच्या बडोदा कॉलेजात फ्रेंच शिकवायचे. सांगतात ते खरंच आहे. १८९३ ते १९०६ ते इथे होते, आणि मराठी, गुजरातीसुद्धा इथेच शिकले. म्हणजे अरविंदबाबूंनी फ्रेंच शिकवलं तर गावाची शान, आणि भाचीने जर्मन घेतलं तर वर्षं फुकट.

शिवाय राठवांची कसली भाषा, ती तर खेडवळ गुजराती, हेही मामांचं ठरलेलं. खरं तर राठवी ही भिली गटातली. २०११च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटाचे बोलणारे १ कोटीच्या वर आहेत. कोकणीचे साडेबावीस लाख. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, कोकणी आहे, भिली नाही. कोकणीवर माझा राग नाही, पण मामांनी हे आकडे ऐकून "सरकारी आकडे!" एवढंच म्हणावं?

दोन्ही एकत्र जमेल का? जमेल, पण कुणी ताटात वाढून देणार नाही. विद्यापीठात भाषाशास्त्राचा विभाग आहे, तिथे जाऊन बसा. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या गणेश देवींनी बडोद्यात १९९६ मध्ये 'भाषा' संस्था काढली, तिची आदिवासी अकादमी तेजगढला आहे, नव्वदेक किलोमीटर. संग्रहालयही आहे, पण तेवढं पाहून परत येऊ नका. परेशभाई राठवांना २०२३ मध्ये पिठोऱ्यासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हापासून कॅमेरे घेऊन जाणारे वाढलेत. ओळखीच्या माणसाबरोबर जा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि गुजराती चांगलं बोलता येत नसेल तर जर्मनच्या आधी ते करा.

एक राहिलं. मी शिकले तेव्हाची विषयांची जुळणी आता नाही, २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर बरंच बदललंय. कोणत्या मुख्य विषयाबरोबर जर्मन मिळतं ते फॉर्म भरण्याआधी फॅकल्टीत प्रत्यक्ष जाऊन विचारा. शिकवणं सगळं इंग्रजीतून आहे, मराठी किंवा गुजराती माध्यमातून येणार असाल तर पहिलं वर्ष जड जातं. आणि फ्रेंच की जर्मन हे मला विचारू नका, मी जर्मनच सांगणार.