सरकारी विद्यापीठात न्यूरोबायोलॉजी करावं का?

तुमची शंका अशी की सरकारी विद्यापीठात यंत्रं जुनी असतात म्हणे, आणि तुमचं गणितही कच्चं आहे, तर न्यूरोबायोलॉजीला, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या अभ्यासाला, जावं का. मी अशाच विद्यापीठातून एमएस्सी केलंय.

यंत्रांचं बऱ्याच अंशी खरं आहे. चांगल्या मायक्रोस्कोपसाठी नंबर लावून बसावं लागतं. पण सुरुवातीला त्यापेक्षा हात बसणं महत्त्वाचं. आमच्याकडे गांडुळाचा प्रयोग होता. सौम्य अल्कोहोलमध्ये ठेवून त्याला गुंगी आणायची, अंगाला पिना टेकवायच्या, ॲम्प्लिफायर स्पीकरला जोडायचा. डोक्याकडे काडीने हलकेच टोचलं की स्पीकरमधून ‘टक्’; हा मज्जातंतूतून जाणारा विद्युत संदेश. शेपटीकडे टोचलं तर संदेश दुसऱ्या, जरा संथ मज्जातंतूतून जातो. पिनांमधलं अंतर भागिले वेळ, झाला वेग! अर्धा दिवस मात्र विजेच्या तारांची घरघर घालवण्यात जातो. अर्थिंग कुठे द्यायचं हे पुस्तकात वाचून कळत नाही.

गणिताची भीती मात्र घालवावीच लागेल. मेंदू म्हणजे आठवणी, भावना, स्वप्नं असं मनात धरून येणाऱ्यांच्या पुढ्यात पहिल्यांदा येतं ते नर्न्स्टचं समीकरण, म्हणजे पेशीच्या आत-बाहेरच्या क्षारांच्या प्रमाणावरून व्होल्टेज काढायचं सूत्र. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर कमी; मुख्यतः त्यामुळे पेशीपटलाच्या दोन बाजूंत साधारण उणे ७० मिलिव्होल्टचा फरक राहतो. पाठोपाठ हॉजकिन आणि हक्सली हे दोन शास्त्रज्ञ. स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड ॲक्सॉनवर (मज्जापेशीच्या लांब तंतूवर) मोजमापं घेऊन त्यांनी १९५२ मध्ये विद्युत संदेश कसा उठतो ते चार डिफरन्शियल समीकरणांत मांडलं. हक्सलींनी ती हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर सोडवली; तुम्हाला पायथॉन प्रोग्रामच्या पन्नासेक ओळी पुरतील. शाळेतलं कॅल्क्युलस पुन्हा काढा, निभावतं.

शिवाय आता बरंच काम लॅपटॉपवर होतं. फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा, जवळपास १,४०,००० न्यूरॉन्सचा (मज्जापेशींचा) नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो कुणालाही फुकट बघता येतो. माझ्या मते प्रकल्पासाठी याहून स्वस्त आणि मस्त साहित्य नाही.

प्रवेशाआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा. प्रकल्पात स्वतः मोजमापं घेतली की नुसते पेपर वाचून अहवाल लिहिला, ते विचारा. एका सेटअपवर किती जण असतात आणि सुट्टीत लॅब उघडी असते का, हेही. नुसत्या अहवालावर भागवत असतील, तर इमारत कितीही चकाचक असो, दुसरं विद्यापीठ बघा.