घरचे संस्कार की वस्तीचे?

तुम्ही विचारलंय की, वडिलांच्या बदल्यांमुळे तुम्ही एका जागी वाढला नाहीत, म्हणून कुठल्याच नोकरीत टिकत नाही असं घरचे म्हणतात. वस्तीचा कामावर खरंच इतका परिणाम होतो का?

होतो. घरच्या उपदेशापेक्षा जास्तच होतो, असं मी माझ्या अनुभवावरून सांगते.

मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील कापड गिरणीत सांचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, आई घरातच खाणावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण आणि जेवायला अठरा गडी. सगळे सातारा-कोल्हापूरकडचे, शेजारच्या चाळीत गावच्या गाळ्यात, म्हणजे एका गावच्या गड्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहणारे. गाळ्यात प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी. दिवसपाळीचा कामावर गेला की त्याच्याच जागेवर रातपाळीचा अंग टाकायचा.

प्रामाणिकपणावर आईने मला कधी दोन वाक्यं ऐकवली नाहीत. पण कालनिर्णयवर खाडे मांडायचं काम सातव्या वर्षापासून माझं. कुणी गावी गेला, आजारी पडला की त्या तारखेच्या चौकटीत त्याचं अक्षर आणि फुली. पगार झाला की त्यावरून हिशेब. एकदा मी एक फुली विसरले आणि एकाकडून दोन वेळचे पैसे जास्त घेतले गेले. आईने मलाच परत द्यायला पाठवलं. तो रातपाळी करून झोपला होता. तो उठेपर्यंत मी गाळ्याच्या दारात पैसे मुठीत धरून बसले होते, घामाने नोट ओली झाली होती. आज डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे आणि हिशेबात दोन रुपये जरी इकडचे तिकडे झाले तरी मला झोप लागत नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पगार थांबले तसे खाणावळीचे पैसेही थांबले, पण आईने ताटं थांबवली नाहीत. पाटल्या सावकाराकडे गेल्या. खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. आमच्या मजल्यावरच्या मावशींना त्यामुळे बँकेचं कर्जही मिळालं होतं, पण आई सही करायला घाबरायची. पुढे मावशीच तिचा हात धरून घेऊन गेल्या. जे गडी गावी परतले, त्यांतल्या एकाने सुगीनंतर तांदळाचं पोतं पाठवलं. दोघांचा पत्ताच लागला नाही. आईने त्यांच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही, आणि थकलेले पैसे मागायला माझी जीभ आजही उचलत नाही. धंद्यात याचा मला फटका बसलाय, पण ते माझ्या अंगातच मुरलंय.

मात्र त्याच वस्तीने दुसरंही काही मुरवलं, ते सांगितलं नाही तर उत्तर अर्धं राहील. वडील ज्या सांचेखात्यात होते, तिथे एके काळी दलित कामगारांना घेतच नसत. धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला, धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला होता. आमचे गाळेही गावाचे, भावकीचे. आमच्या अठरा गड्यांत दलित एकही नव्हता, आणि हे मला लहानपणी कधी खटकलंच नाही. जे रोज डोळ्यांसमोर असतं ते तसंच असायचं, असं मूल धरून चालतं.

सहा वर्षांपूर्वी केंद्रावर कणीक मळायला एक बाई काम मागायला आल्या. मी पहिला प्रश्न आडनावाचा विचारला. स्वयंपाक येतो का, हे नंतर. त्यांनी आडनाव सांगितलं आणि पिशवी उचलून त्या जायला निघाल्या. उत्तर काय येणार हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी जिन्यापर्यंत गेले, माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पाचला यायला सांगितलं.

म्हणून, फिरत्या लहानपणाचा तुमच्यावर परिणाम झाला नसेल असं मी म्हणणार नाही. फक्त घरचे त्याची एकच बाजू दाखवताहेत. दर दोन-तीन वर्षांनी नव्या शाळेत, अनोळखी पोरांत स्वतःची जागा केलीत, तेही तुमच्या अंगात आहेच. आणि नको ते मुरलेलं असेल, तर ते कामावरच दिसतं आणि तिथेच सुटतं.

त्या ताई आता माझ्या केंद्राची वही सांभाळतात. महिन्याच्या दहा तारखेला थकबाकीचे फोन त्याच करतात.