प्रोटिएझोमवर, म्हणजे पेशीतली नकोशी प्रोटीनं तोडणाऱ्या यंत्रावर, पीएचडी करायची आहे. मानवी पेशी सोडून सी. एलिगन्सवर काम करण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की मार्गदर्शक सी. एलिगन्स घ्या म्हणतात, पण एक मिलिमीटरच्या कृमीत सापडलेलं माणसाला लागू पडेल का, आणि पुढे नोकरीच्या वेळी त्याला कोणी विचारेल का. लागू पडतं. मानवी पेशींत सहज नजरेतून सुटणारी गोष्ट कृमीत समोर उभी राहते. मी ते पाहिलंय, म्हणूनच लिहायला बसले.

आमच्या कृमींमध्ये प्रोटिएझोमचं एक उपएकक थोडं अधू होतं. प्रोटिएझोम कमी पडला की पेशी त्याची जनुकं जोरात चालवते. त्यातल्याच आरपीटी-३ या जनुकाला आम्ही जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन जोडलेलं होतं, त्यामुळे हे कृमी फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली हिरवेगार दिसायचे. त्यांना ईएमएस हे डीएनएत बदल घडवणारं रसायन द्यायचं, नातवंडांची पिढी येऊ द्यायची आणि त्या हिरव्या गर्दीत विझलेला, म्हणजे ही जनुकं जोरात चालवू न शकणारा, एखादा शोधायचा. यालाच स्क्रीन म्हणतात. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास बसायचं, आणि दिसला की प्लॅटिनमच्या चपट्या तारेच्या टोकाला चिकट जीवाणू घेऊन त्यावर तो अलगद उचलायचा. कृमी उभयलिंगी असतो. एकटा नव्या प्लेटवर ठेवला तरी तीन-चार दिवसांत पुढची पिढी वाढीला लागते.

माझ्या अशाच एका म्युटंटचं सीक्वेन्सिंग केलं तर उत्परिवर्तन पीएनजी-१ मध्ये निघालं. हे एन्झाइम प्रोटीनवरची साखर काढतं. शेजारच्या गटातले एक ज्येष्ठ बायोकेमिस्ट मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले की साखरेचा आणि प्रोटिएझोमच्या जनुकांचा काडीचा संबंध नाही, स्क्रीन म्हणजे अंधारात दगड मारणं, ती प्लेट टाका आणि प्रोटिएझोमला चिकटणारी प्रोटीनं शोधा. मी प्लेट टाकली नाही. कृमी ग्लिसरॉलमध्ये घालून फ्रीझरात ठेवले.

२०१६ मध्ये लेर्बाक आणि रवकुन यांचा पेपर आला, आणि त्यात पीएनजी-१ होतं. एसकेएन-१ए हे प्रोटीन आधी एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात जातं, तिथे त्याला साखर चिकटते, मग ते बाहेर ओढलं जातं. प्रोटिएझोम धडधाकट असेल तर तो ते लगेच फस्त करतो. कमी पडत असेल तरच ते टिकतं. पीएनजी-१ साखर काढतं, डीडीआय-१ हे दुसरं एन्झाइम त्याला कापतं, आणि ते केंद्रकात जाऊन प्रोटिएझोमची जनुकं चालू करतं. म्हणजे टंचाई आहे की नाही हे कळायला पेशी आपला निरोप्याच त्या यंत्राच्या तोंडी देते! २०१९ मध्ये त्याच गटाने दाखवलं की साखर निघताना अ‍ॅस्परॅजिनचं अ‍ॅस्पार्टेट होतं आणि एसकेएन-१एला कामासाठी हा बदल लागतो. डीएनएत न लिहिलेला अमिनो आम्लांचा क्रम. प्रोटिएझोमला काय चिकटतं ते मोजत बसलेल्या कोणाला हा सापडला असता?

मी माझे कृमी फ्रीझरातून काढून पुन्हा वाढवले आणि त्यांना बोर्टेझोमिबच्या प्लेटवर सोडलं. मल्टिपल मायलोमावर देतात तेच औषध. ज्या डोसला वाइल्ड टाइप, म्हणजे उत्परिवर्तन नसलेले कृमी, बिनघोर वाढत होते, तिथे माझ्या म्युटंटची पिल्लं खुरटली ती खुरटलीच. माणसात एसकेएन-१एच्या जागी एनआरएफ१ आहे आणि पीएनजी-१च्या जागी एनजीएलवाय१. एनजीएलवाय१ बिघडलेल्या मुलांची वाढ मागे पडते, डोळ्यांत पुरेसं पाणीसुद्धा येत नाही. त्यांच्या पेशींत काय बिनसतं याचा एक धागा या विझलेल्या कृमींनी दिलाय. आता सांगा, माणसाला उपयोग काय म्हणून!

हे काही एकटं उदाहरण नाही. कुठलं प्रोटीन तोडायचं याची खूण लावायला मदत करणाऱ्या कलिन प्रोटीनांचं अख्खं कुटुंब १९९६ मध्ये पुढे आलं ते कृमीतल्या सीयूएल-१ मुळे. हे जनुक नसलेल्या कृमीत पेशी विभागायच्या थांबतच नव्हत्या. आरपीएन-१० हे प्रोटिएझोमचं उपएकक काढलेला कृमी जगतो, पण त्यात मादीपणाकडे नेणारं टीआरए-२ हे प्रोटीन साठून राहतं आणि शुक्राणू बनत नाहीत. डिशमधल्या पेशींना हे कसं विचारणार?

अर्थात अडचणी आहेत. प्रोटिएझोमची बहुतेक उपएककं पूर्ण बंद केली तर भ्रूणच मरतात, म्हणून आरएनएआय या जनुकं दाबण्याच्या तंत्राने ती अर्धवट दाबावी लागतात. क्युटिकलमुळे, म्हणजे कृमीच्या बाहेरच्या जाड आवरणामुळे, औषधं आत नीट शिरत नाहीत. इम्युनोप्रोटिएझोम, म्हणजे रोगप्रतिकारासाठीचा खास प्रोटिएझोम, कृमीत नाही. तुमचा प्रश्न त्याबद्दल किंवा प्रोटिएझोमच्या रचनेबद्दल असेल तर कृमी घेऊ नका.

नोकरीचं म्हणाल तर क्रिस्पर, इमेजिंग, सीक्वेन्सिंगचा डेटा हे सगळं इथेही हातात बसतं.

आणि स्क्रीनमधून विषयाशी संबंध नसलेलं जनुक निघालं तर आधी दुसरा अलील, म्हणजे त्याच जनुकात वेगळा बिघाड असलेला म्युटंट, शोधा, वाइल्ड टाइप प्रत परत घातल्यावर हिरवं परत येतं का बघा. येत असेल तर ‘संबंध नाही’ म्हणणाऱ्याला, तो कितीही ज्येष्ठ असो, प्लेटसमोर बसवा. त्या बायोकेमिस्टना मी हेच म्हटलं होतं. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावायलाही नकार दिला. तुमच्याकडे असं झालं तर वाद घालायच्या आधी कृमी फ्रीझ करा, एका नळीत नाही, तीन-चार नळ्यांत, आणि एक नळी वितळवून ते खरंच जगलेत ना हे बघून घ्या.