ॲप नंतर बघू, आधी प्रश्न शोधा

सर, तुमची अडचण अशी: गुहागरकडचं कॉलेज, एफवायबीएस्सीला भौतिकशास्त्र, साठेक मुलं, मागचे बाक मोबाईलमध्ये. स्मार्टबोर्ड आहे, पण पावसात लाईट गेली की तो भिंतीची शोभा. तेव्हा कुठलं ॲप घेऊ, असं विचारलंय.

ॲपचं मागाहून. आधी वर्गाचे दोन तट पडतील असा प्रश्न हवा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1990च्या दशकापासून असंच शिकवत आले. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं. साधारण 30 ते 70 टक्के बरोबर आले, तर शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. त्याहून कमी आले तर सरळ पुन्हा शिकवा. जास्त आले तर पुढे चला.

गुरुत्वाकर्षण शिकवताना मी विचारतो: अमावस्येला चंद्र-सूर्य एकाच बाजूला, मग भरतीचा फुगवटा पृथ्वीच्या किती बाजूंना? बरीच मुलं ठामपणे ‘एकाच’ म्हणतात. मग बंदरावरचा कुणीतरी उसळतो, "अरे, पाणी दिवसातून दोनदा चढतं ना?" तिथून वर्ग तापतो. बंदरावरच्या मुलाला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढता येते (अष्टमीला सहाच्या सुमारास), उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) घरातच ऐकलेलं असतं. चंद्राची ओढ जवळच्या बाजूला जास्त, पलीकडे कमी, आणि या फरकामुळे दोन्हीकडे फुगवटा येतो, हे मी वाद रंगल्यावरच फळ्यावर काढतो. आधी काढलं तर नुसतं उतरवून घेतात.

मत घ्यायला छातीशी बोटं धरायला लावा: एक, दोन, तीन. हात वर करायला लावलंत तर सगळे हुशार मुलाकडे बघून हात वर करतात. मोजदाद हवी असेल तर प्लिकर्स या ॲपची कार्डं छापा. मुलांना फोन लागत नाही, तुमच्या फोनचा कॅमेरा कार्डं वाचतो. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका, उजेड परावर्तित होऊन कार्ड वाचलं जात नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (संगणकावर करून बघायचे प्रयोग) फुकट आहेत, काही मराठीतही आहेत. रेंज असेल तिथे डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा.

आणि हो, प्रश्न तासाच्या शेवटी ठेवू नका. तेव्हा अर्ध्या वर्गाचं लक्ष एसटीकडे असतं.