कोरलची (प्रवाळांची) अदलाबदल करावी की विक्री?

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधली मॉन्टिपोरा (एक दगडी कोरल) इतकी फोफावली आहे की सतत छाटावी लागते. नवरा म्हणतो तुकडे विक, मला अदलाबदल बरी वाटते. काय करू? (एडिसन, न्यू जर्सी)

आधी अदलाबदल करा, विक्री नंतर. वादळात वीज गेली किंवा हीटर बंदच होईना, तर एका रात्रीत टँक क्रॅश होतो, म्हणजे त्यातलं सगळं मरतं. त्या वेळी तुमचं कोरल परत मिळेल ते ज्यांना तुकडा दिला होता त्यांच्याकडूनच. फ्रॅग, म्हणजे कापून दिलेला तुकडा, ही तीच कॉलनी, जनुकंसुद्धा तीच. ओळखीच्या दोन-तीन घरी तो रुजला की उरलेले खुशाल विका. मीठ, दिवे, वीज यांचा खर्च काही थोडा नसतो. मात्र अमेरिकेत छंदातून आलेले पैसेही करविवरणात दाखवावे लागतात.

२०१८ मध्ये इंडोनेशियाने कोरलची निर्यात थांबवली, तेव्हा घरी वाढवलेल्या फ्रॅगचं मोल सगळ्यांना कळलं. आपल्या टँकमधला प्रत्येक तुकडा समुद्रातून एक कमी काढायला लावतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

दोन इंची अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचं दगडी कोरल) दिला, बदल्यात झोआचे (मऊ, फुलांसारख्या कोरलचे) चार पॉलिप, म्हणजे चार तोंडं, मिळाले. मी फसलो का?

नावावरून ठरवू नका. झोआची भडक नावं विक्रेत्यांनी ठेवलेली असतात. तुकडा किती हळू वाढतो आणि कापून किती दिवस झाले, हे विचारा. प्लगवर (तुकडा चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) पाया धरलेला छोटा फ्रॅग काल कापलेल्या मोठ्या फांदीपेक्षा केव्हाही चांगला.

झोआ देणाऱ्याने मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी होती. झोआत, विशेषतः पॅलिथोआ या त्यांच्या भाऊबंदांत, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. असे दगड उकळत्या पाण्याने कधीही साफ करू नका. त्या वाफेने घरची माणसं रुग्णालयात पोचल्याच्या नोंदी आहेत. हे न सांगता झोआ देणं मला अक्षम्य वाटतं, मग ते विकत असोत की फुकट.

जुन्या मित्राकडचा फ्रॅगही डिप करायचा, म्हणजे कीड काढणाऱ्या द्रावणात बुडवायचा? त्याला वाईट वाटेल.

करायचाच. मित्राच्या टँकमध्ये काय लपलंय हे त्यालाही ठाऊक नसतं. अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे कृमी आणि मॉन्टिपोरा खाणाऱ्या न्यूडिब्रँक गोगलगायी डिपमध्ये गळून पडतात, पण त्यांची अंडी टिकतात. म्हणून फ्रॅगचं बूड भिंगाने तपासा, जमल्यास जुना प्लग काढून टाका, काही आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा आणि दर आठवड्याला पुन्हा डिप करा. तुमच्याकडे कीड निघाली, तर ज्यांना ज्यांना तुकडे दिलेत त्यांना त्याच दिवशी फोन करा.

आम्ही कायमचे पुण्याला परततोय. थोडे फ्रॅग सोबत नेऊन तिथे अदलाबदल करता येईल?

नाही. दगडी कोरल साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येतात, त्यामुळे कागदपत्रांशिवाय ते सीमेपार नेता येत नाहीत. भारतात तर २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. पैसे घेतले नाहीत, नुसती भेट दिली, ही सबब तिथे चालणार नाही. सगळं अमेरिकेतल्याच मित्रांना देऊन या. टँक रिकामा करण्याच्या निदान महिनाभर आधी कापायला घ्या, म्हणजे जखमा भरून तुकडे प्लगवर धरलेले असतील.