मेंदूने आधीच ठरवलं, मग ओरडा कुणाला?

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. रात्री दीड-दोन वाजेपर्यंत त्याच्या हातात मोबाइल असतो. परवा रागावले, तर म्हणाला, "आई, निर्णय मेंदू आधीच घेतो, आपल्याला नंतर कळतं. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मग मला ओरडून काय उपयोग?" हे त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलंय. काय उत्तर देऊ?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, "मग माझं ओरडणंही मेंदूनेच ठरवलंय, मी तरी काय करू?" असं एकदा म्हणून घ्या. पोरगा गप्प बसेल, पण त्याच्या मुद्द्याला ते उत्तर नव्हे. तो मुद्दा हवेतला नाही. मानसशास्त्राच्या वर्गात इच्छास्वातंत्र्य आणि नियतिवाद (आपलं प्रत्येक वागणं आधीच्या कारणांनी ठरतं, हे मत) शिकवताना मी दरवर्षी तिथूनच सुरुवात करत असे.

तो बोलतोय ते बहुधा अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या 1983च्या प्रयोगाबद्दल. माणसांना खुर्चीत बसवलं, डोक्याला इलेक्ट्रोड लावले. समोरच्या पडद्यावर घड्याळासारखा फिरणारा ठिपका. वाटेल तेव्हा मनगट हलवायचं आणि 'हलवावं' असं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगायचं, एवढंच काम. हालचालीच्या सुमारे 550 मिलिसेकंद आधीच मेंदूत तयारीची लाट चढू लागलेली दिसली, आणि इच्छा जाणवल्याची वेळ निघाली हालचालीच्या फक्त 200 मिलिसेकंद आधीची. व्हिडिओवाले सहसा इथेच थांबतात.

स्वतः लिबेट थांबले नव्हते. शेवटच्या क्षणी 'नको' म्हणण्याची मुभा माणसाकडे उरते, असं त्यांचं मत होतं. पुढे 2012मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी त्या लाटेकडेच बोट दाखवलं. मेंदूतली हालचाल एरवीही खालीवर होतच असते. ती योगायोगाने वर गेलेली असताना मनगट हलण्याची शक्यता जास्त. मग हालचालीच्या क्षणापासून मागे जात अशा अनेक नोंदींची सरासरी काढली की चढती लाट दिसणारच. म्हणजे ती लाट हा आधीच झालेला निर्णय असेलच असं नाही. 2008च्या आणखी एका प्रयोगात माणूस डावं बटण दाबणार की उजवं, याचा अंदाज काही सेकंद आधी बांधता आला खरा, पण तो बरोबर येण्याचं प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास. नाणं उडवूनही 50 टक्के मिळतातच!

आणि मनगट कधी हलवायचं याला कारणच नसतं. झोपावं की अजून एक रील बघावं, याला असतं.

आता नियतिवाद खोटा ठरला का? नाही. आपल्या वागण्यामागे कारणांची साखळी असते, असं मीही मानते. पण लोक त्यात प्रारब्ध मिसळतात. 'काहीही केलं तरी तेच होणार' हे प्रारब्ध. नियतिवादात तुम्ही काय करता, काय बोलता, तीही साखळीतली कडीच असते. म्हणून मी वेगळंच तपासते : कारण बदललं तर वागणं बदलतं का? मंत्रचळ असलेला माणूस हात स्वच्छ आहेत हे कळूनही पुन्हा धुतो. पटवून त्याचं धुणं थांबत नाही, त्याला उपचार लागतात, आणि त्याला दोष देणं क्रूरपणा आहे. तुमचा मुलगा पहाटेच्या मॅचसाठी लवकर झोपतो का? झोपत असेल, तर कारणं त्याच्यापर्यंत पोचतात. जबाबदार धरायला मला तेवढं पुरतं. काही केल्या जमतच नसेल, झोप आणि अभ्यास दोन्ही बिघडत असतील, तर मात्र ओरडू नका, समुपदेशकाला भेटा.

तोवर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचं ऐका. इच्छास्वातंत्र्य त्यांनी साफ नाकारलं, तरी हात बांधून बसले नाहीत. वागणं बदलायचं तर भोवतालची परिस्थिती बदला, असं त्यांचं म्हणणं. चार्जर बाहेरच्या खोलीत न्या. किती वाजता, ते मुलालाच ठरवू द्या. आणि तुमचाही फोन तिथेच लावा, नाहीतर पुढचं पत्र तो लिहील.